‘हुकलेल्या संधी’चा खोटा शोक

आयर्लंडचा ब्लूज-रॉक गिटारवादक रोरी गॅलाहर (१९४८-१९९५) याच्याविषयी लिहिताना त्याचे चाहतेसुद्धा शेवटी एक सुस्कारा सोडतात : एवढा गुणी माणूस, पण संधी हुकली, नाहीतर कोठल्या कोठे पोहोचला असता! या सुस्काऱ्याला सहानुभूती म्हणण्याचा प्रघात आहे. आमच्या मते ती त्या कलावंताची अवहेलना आहे आणि तिचा प्रतिवाद झाला पाहिजे.

आधी वस्तुस्थिती पाहू. ब्लूज हे मुळात अमेरिकेच्या दक्षिणेकडील कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांचे गाणे. विजेवरच्या गिटारचा आणि रॉक संगीताचा जोर घेऊन त्याचे जे रूप १९६० नंतर ब्रिटन-आयर्लंडात रुजले, ते ब्लूज-रॉक. रोरीचा जन्म २ मार्च १९४८ रोजी डोनेगॉल परगण्यातील बॅलीशॅनन या लहान गावी झाला. डेरी आणि कॉर्क या शहरांत तो वाढला. १९६३ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, कॉर्कच्या एका दुकानातून त्याने शंभर पौंडांची जुनी फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटार उधारीवर घेतली. नाचघरांतून चालू लोकप्रिय गाणी वाजवणाऱ्या ‘शोबँड’मध्ये त्याने उमेदवारी केली. १९६६ मध्ये ‘टेस्ट’ हे स्वतःचे पथक उभारले आणि ते मोडल्यावर १९७१ पासून स्वतःच्या नावाने ध्वनिमुद्रिका काढल्या. १९९० पर्यंत स्टुडिओत मुद्रित केलेल्या अशा अकरा झाल्या. प्रत्यक्ष मैफलींच्या निराळ्या.

आता त्या बहुचर्चित संधींकडे वळू. एकेका गाण्याची छोटी तबकडी काढायची आणि विक्रीच्या यादीत वर चढायचे, हा त्या काळचा राजमार्ग. रोरीने तो हट्टाने नाकारला. त्यामुळे रेडिओवरून घरोघरी पोहोचणारा मोठा श्रोतृवर्ग त्याला दुरावला, हे मान्यच केले पाहिजे. १९७८ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये पूर्ण मुद्रित झालेली ध्वनिमुद्रिका मनास न आल्याने त्याने रद्द केली, पथकाची फेररचना केली आणि नव्याने मुद्रण केले. त्याआधी, जानेवारी १९७५ मध्ये, ‘रोलिंग स्टोन्स’ या जगद्विख्यात पथकातील गिटारवादकाची जागा रिकामी झाली असता, त्यांच्यासोबत वाजवून पाहण्यासाठी त्याला रॉटरडॅमला बोलावणे आले. तो गेला, वाजवले. परंतु निर्णय होईना आणि जपानचा दौरा आधीच ठरलेला होता. दिलेला शब्द पाळून तो जपानला निघून गेला. या वर्तनाला ‘संधी हुकणे’ म्हणावे, तर शब्द पाळणे ही चूक ठरते!

टीकाकार ज्या पारड्यात काहीच टाकत नाहीत, त्याचे वजन आता पाहू. १९७२ या एकाच वर्षी उत्तर आयर्लंडच्या यादवीत साडेचारशेहून अधिक माणसे मारली गेली. बाहेरचे बहुतेक कलावंत बेलफास्टकडे फिरकेनासे झाले. भीती निराधार नव्हती. जुलै १९७५ मध्ये ‘मायामी शोबँड’चे तीन वादक कार्यक्रमाहून परतताना रस्त्यात ठार करण्यात आले. अशा त्या दशकात रोरी पुनःपुन्हा बेलफास्टच्या अल्स्टर हॉलमध्ये वाजवण्यास गेला. बाहेर ज्यांच्या वस्त्या एकमेकींच्या वैरी होत्या, ती कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट घरांतील तरुण मुले त्या सभागृहात एकत्र बसत. जानेवारी १९७४ मधील बेलफास्ट, डब्लिन व कॉर्क येथील मैफलींवर आधारलेली ‘आयरिश टूर ’७४’ ही ध्वनिमुद्रिका आजही ऐकता येते. विक्रीच्या कोणत्या यादीत या कामगिरीसाठी रकाना आहे?

दुसरी गोष्ट ऋणाची. ज्या मडी वॉटर्ससारख्या ज्येष्ठ कृष्णवर्णीय कलावंतांचे ऐकून हा मुलगा शिकला, ते १९७० नंतर ध्वनिमुद्रणासाठी लंडनला आले, तेव्हा त्यांच्यामागे साथीला बसण्यात त्याने धन्यता मानली. स्वतःचे नाव पुढे असताना मागे बसणे, हे आपल्या संगीतपरंपरेत वाढलेल्या वाचकांना समजावून सांगायला नको.

उत्तरायुष्य मात्र कष्टाचे गेले. मद्य आणि औषधे यांनी यकृत निकामी केले. प्रत्यारोपणानंतर जंतुसंसर्ग होऊन १४ जून १९९५ रोजी लंडन येथे, अवघ्या ४७ व्या वर्षी, तो निवर्तला. त्या झिजण्याचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. पण कीर्तीच्या अभावी तो खचला, असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी एवढे आठवावे की, अफाट कीर्ती लाभलेला जिमी हेंड्रिक्स २७ व्या वर्षीच गेला होता. कीर्ती हे औषध नव्हे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये, रंग उडून लाकूड उघडे पडलेली तीच गिटार लंडनच्या लिलावात ८,८९,४०० पौंडांना विकली गेली आणि आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला देण्यासाठी घेतली गेली. ती देशात राहिली, हे उत्तमच झाले. परंतु ‘अखेर न्याय मिळाला’ म्हणून जे हरखले, त्यांच्या हाती तोच जुना तराजू आहे. पूर्वी पारडे हलके दिसले म्हणून ते रडले, आता जड दिसले म्हणून हसले. आमच्या लेखी अधिक मोलाची घटना जानेवारी २०२५ ची : बेलफास्टमध्ये, अल्स्टर हॉलजवळ, त्याचा पुतळा उभा राहिला. ते शहर विसरले नव्हते.

मोठ्या पेठेपासून दूर राहून भाषा आणि कला जोपासणाऱ्या आपल्यासारख्यांना हा वाद परका वाटू नये. गाजलेल्या ठिकाणी न पोहोचलेला कलावंत वाटेतच अडकला, असे आपणही फार सहज गृहीत धरतो. त्याला जायचे कोठे होते, हे आधी विचारावे. रोरीला बेलफास्टला जायचे होते. तो तेथे वेळेवर पोहोचत होता.