बॅटरी विकण्याआधी तीन मिनिटं बोला



मागच्या व्हिडिओत मोबाईल रिपेअरिंगचं दुकान कमी भांडवलात कसं सुरू करायचं ते पाहिलं. त्याखाली पुन्हा पुन्हा एकच प्रश्न आला, "सर, जास्त मार्जिन कशात?" बरेच जण सांगतील, बॅटरीत. माझं मत जरा वेगळं आहे. बॅटरीत पैसा आहेच, पण न तपासता विकलेल्या बॅटरीत तो एकदाच मिळतो.

इंझोरीत दुकान टाकलं तेव्हा मीही हेच करायचो. गिऱ्हाईक म्हणालं "चार्जिंग टिकत नाही", की लगेच बॅटरी बदल. एका काकांना अशीच बिनामार्काची स्वस्त बॅटरी टाकून दिली. उन्हाळ्याचे दिवस. दोन महिन्यांत ती फुगली आणि डिस्प्ले वर उचलला गेला. काका भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुले माहीत नव्हतं, का माहीत असून देल्ली?"

बॅटरी आणि डिस्प्ले, दोन्ही मी पदरचे टाकले. नंतर विचारलं तेव्हा कळलं, काका शेतातल्या मोटारीच्या टिनाच्या खोलीत फोन चार्जिंगला लावून ठेवायचे. हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता.

लिथियम-आयनचे दोन मोठे शत्रू लक्षात ठेवा: उष्णता आणि तासन्‌तास 100 टक्के भरलेली अवस्था. ॲपल आपले फोन 0 ते 35 अंशांत वापरायला सांगते. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी पार करतो, टिनाखाली तर विचारूच नका. म्हणून फोन सावलीत, कव्हर काढून चार्ज करायचा. रोजच्या वापरात 20 ते 80 टक्क्यांच्या दरम्यान ठेवला तर बॅटरी जास्त टिकते. "पूर्ण उतरवून मगच चार्ज करा" हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीचा. सोनीने 1991 मध्ये लिथियम-आयन बाजारात आणली, तरी तो सल्ला आपल्या तोंडून गेला नाही! आणि दोनदा अर्धा-अर्धा चार्ज केला तर सायकल एकच मोजली जाते, त्यामुळे थोडं थोडं चार्ज करायला घाबरायचं कारण नाही.

आता दुकानात काय करायचं? तीन प्रश्न विचारा: कुठे चार्ज करता, किती वेळ लावून ठेवता, चार्जर कोणता? मग दुसरी केबल लावून बघा, चार्जिंगच्या खाचेतला कचरा काढा, सेटिंगमध्ये कोणतं ॲप बॅटरी खातंय ते दाखवा. गावाकडे रेंज कमी असली की सिग्नल पकडायलाच बॅटरी जास्त जाते, हेही सांगा.

फोन 30 टक्क्यांवर अचानक बंद पडतो, किंवा फोन क्षमता दाखवत असेल आणि ती 80 टक्क्यांखाली गेली असेल, तर बॅटरी नक्की बदला. फुगलेली दिसली तर एक दिवसही थांबू नका. पण नवी टाकताना बीआयएस मार्कची टाका आणि पक्कं बिल द्या.

स्टॉकचंही ऐका. स्वस्त मिळतात म्हणून वर्षभराच्या बॅटऱ्या भरून ठेवू नका. न वापरताही त्या म्हाताऱ्या होतात. थोड्याच घ्या, थंड जागी ठेवा, साधारण अर्ध्या चार्जवर. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, कचऱ्यात टाकायची नाही. टोकांना टेप लावा, वाळूच्या डब्यात वेगळी ठेवा आणि नोंदणीकृत रिसायकलरकडे द्या. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार बॅटरी जाळायला आणि कचरा डेपोत टाकायला बंदी आहे.

तुम्ही म्हणाल, "सर, फुकट सल्ला देत बसलो तर धंदा कधी करायचा?" बरोबर आहे, त्या दिवशी मार्जिन हातचं जातं. पण गाव लहान असतं. "त्यानं बॅटरी बदलायची गरज नाही म्हणून सांगितलं", हे वाक्य पारावर पोचलं की त्याच घरातले बाकीचे फोन तुमच्याच काउंटरवर येतात. ते काका आजही येतात, पण त्यांचा तो प्रश्न मी विसरलेलो नाही.

आजचा गृहपाठ: वरचे तीन प्रश्न कागदावर लिहा आणि काउंटरला चिकटवा. पुढच्या दहा गिऱ्हाइकांना विचारा. किती जणांना खरंच बॅटरी लागली, ते कमेंटमध्ये सांगा.