नोकरी सोडू नका, संध्याकाळ मागा

रील्सवर दर तिसरा माणूस सांगत असतो, 'नोकरी सोड, पॅशनच्या मागे जा.' पाठीमागे हमखास इलेक्ट्रिक गिटार वाजत असते. रॉकचा आणि राजीनाम्याचा काहीतरी जन्मजात संबंध आहे, असं आपणही धरून चाललोय. हे साफ खोटं आहे आणि ते दाखवायला हार्ड रॉकमधलाच एक अल्बम पुरेसा आहे.

'बॉस्टन' या बँडचा त्याच नावाचा पहिला अल्बम ऑगस्ट १९७६ मध्ये आला. एकट्या अमेरिकेत त्याच्या १ कोटी ७० लाख प्रतींची अधिकृत नोंद आहे. तो घडवणारा टॉम शोल्झ एमआयटीतून मास्टर्स केलेला मेकॅनिकल इंजिनिअर. दिवसा पोलरॉइड कंपनीत प्रॉडक्ट डिझाइनचं काम, रात्री मॅसॅच्युसेट्समधल्या वॉटरटाउनच्या घराच्या तळघरात रेकॉर्डिंग. पगारातून त्यानं तिथं हळूहळू स्टुडिओ उभा केला. एकावर एक ट्रॅक चढवत बहुतेक गिटार आणि ऑर्गन स्वतःच वाजवले. गायला ब्रॅड डेल्प. डेमो वर्षानुवर्षं नाकारले गेले. तरी काम थांबलं नाही, कारण पगार थांबला नव्हता. घरभाडं अंगावर आलं असतं, तर पहिल्या दोन-चार नकारांतच गिटार विकावी लागली असती.

पुढे एपिक कंपनीनं करार केला, पण अट घातली: व्यावसायिक स्टुडिओत, प्रोड्यूसर घेऊन पुन्हा रेकॉर्ड करा. शोल्झला तळघर सोडायचं नव्हतं. मग प्रोड्यूसर जॉन बॉयलन बाकीच्या बँडला घेऊन लॉस एंजेलिसला गेला. कंपनीला वाटलं, काम तिकडे चाललंय. अल्बमचं बरंचसं वादन मात्र तळघरातच टेपवर उतरत होतं. पुढे असल्या संगीताला 'कॉर्पोरेट रॉक' म्हणून हिणवलं गेलं. इथं तर कॉर्पोरेटलाच गंडवलं होतं, आणि तेही एका पगारदार माणसानं!

कोणी म्हणेल, हे एकाचं उदाहरण झालं. असे कितीतरी तळघरातच राहिले असतील. मान्य. पण मग हाच हिशोब राजीनामावाल्यांनाही लावा. नोकरी सोडून आपटलेल्यांचे रील्स कुठे दिसतात? तळघरात अपयशी ठरलेल्या माणसाकडे निदान पुढच्या महिन्याचं भाडं असतं. आणि 'उडी मार' म्हणणाऱ्याला एकदा विचारा, खाली जाळी कोणी धरलीय? बहुतेक वेळा बाबांचा पुण्यातला फ्लॅट असतो. ज्याच्या पगारावर गावाकडचं घर चालतं, त्याला हा सल्ला देणं म्हणजे त्याच्या गरजेला भित्रेपणा म्हणणं.

पण शोल्झकडे पगाराइतकीच महत्त्वाची आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे रात्र. ऑफिस सुटल्यावर ती त्याची होती. आपली आहे का? २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास कामाचा सल्ला दिला. सहा दिवसांत वाटले तर रोजचे जवळपास पावणेबारा तास. वर हिंजवडीचं ट्रॅफिक, वर अमेरिकेच्या वेळेनुसार रात्री साडेनऊचा कॉल. अशा वेळापत्रकात शोल्झचं तळघर म्हणजे नुसती अडगळीची खोली उरली असती.

म्हणजे एकीकडे 'झोकून दे' म्हणणारा मालक आणि दुसरीकडे 'सोडून दे' म्हणणारा इन्फ्लुएन्सर. दोघं भांडल्यासारखे दिसतात, पण दोघांचंही एका गोष्टीवर एकमत आहे: नोकरी आणि छंद एकत्र नांदूच शकत नाहीत. कामाचे तास कमी करा, असं दोघांपैकी एकही म्हणत नाही.

ते आपल्यालाच म्हणावं लागेल. आपल्यात धाडस कमी नाही, वेळ कमी आहे. पुढच्या वेळी ऑफर लेटर हातात आलं की सीटीसीच्या आकड्याबरोबर हेही विचारा: लॉगआउट किती वाजता? शनिवारी कॉल असतो का? उत्तर देताना एचआर अडखळली, तर ७० तासांपैकी तुमच्या वाट्याला किती येतील, ते समजून जा.