नाडी हरवली, हृदय मात्र चालूच होतं

बेसा ते पिपळा या पट्ट्यात शेतं गेली आणि फ्लॅट स्कीम आल्या. त्यांच्यासोबत गच्चीवरचे प्राणायामाचे वर्गही आले. नागपूरला हे नवं नाही. रामनगरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाने कितीतरी घरांना मोफत आसनं शिकवली आहेत. अडचण चटई गुंडाळल्यानंतर सुरू होते. कोणीतरी हमखास सांगतो, ‘मनावर घ्या, शुगरची गोळीसुद्धा सुटते.’

मनाचा शरीरावर ताबा किती, हे मोजायची हिंमत एका मराठी माणसाने शंभर वर्षांपूर्वी केली. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं. उड्डियान आणि नौली या योगक्रिया करताना पोटात नेमकं काय घडतं, हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक लावून पाहिलं. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यातून दिसलं. ‘योगमीमांसा’ या नियतकालिकात त्यांनी असे प्रयोग छापले. भक्त दुखावतील की काय, याची फिकीर केली नाही.

पुढे वेंगर, बागची आणि आनंद या संशोधकांनी ‘आम्ही हृदय थांबवतो’ म्हणणारे योगीच तपासले. १९६१ मध्ये निष्कर्ष आले. मनगटावरची नाडी जवळजवळ लागेनाशी होत होती, पण ईसीजीवर हृदय बिनदिक्कत धडधडत होतं. श्वास कोंडून छाती-पोटाचे स्नायू आवळले की हृदयाकडे परतणारं रक्त घटतं, म्हणून नाडी हरवते. कसब खरं होतं, दावा मात्र खोटा ठरला.

म्हणून मन म्हणजे निव्वळ थोतांड, असंही नाही. अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवरचा १९७८ चा अमेरिकी प्रयोग आहे. औषध नसलेल्या औषधानेही काहींची कळ कमी झाली. मग अफूजन्य द्रव्यांचा परिणाम रोखणारं नॅलोक्झोन दिलं, तर त्यांचीच कळ पुन्हा वाढली. नुसत्या विश्वासावर मेंदू स्वतःचं वेदनाशामक तयार करत असल्याची ती खूण होती.

पण २०११ चा बोस्टनचा दम्याचा अभ्यास गच्चीवरच्या प्रत्येक वर्गात वाचून दाखवावा असा आहे. खऱ्या औषधाच्या पंपाने फुफ्फुसांची क्षमता सुमारे २० टक्के वाढली. खोट्या पंपाने सुमारे ७ टक्के, म्हणजे काहीच न दिल्यावर वाढली तेवढीच. रुग्णांना विचारलं, तर खोट्या पंपानेही खऱ्याइतकंच बरं वाटत होतं! बरं वाटणं ही थोडीथोडकी गोष्ट नव्हे. पण ज्याची श्वासनळी आवळली आहे, त्याला याच भ्रमात घरी बसवलं तर ते जिवावर बेतू शकतं. शुगरही तशीच; चढली तरी बरेच दिवस कळत नाही.

मधुमेह, कर्करोग बरा करतो अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. चटईवरच्या गप्पांना कोण आवरणार? निदान बेसातल्या वर्गांनी नावनोंदणीच्या कागदावर एक रकाना वाढवावा: सध्या कोणती औषधं सुरू आहेत. त्याखाली सही घ्यावी, की डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यातली एकही गोळी बंद होणार नाही. ही सही शिकवणाऱ्यांचीही असावी.