छातीतला निचरा



औषधपाणी हे डॉक्टरांचे काम. पण साचलेल्या पाण्याचा निचरा हा आमच्या खात्याचा जुना विषय. म्हणून आज रानाऐवजी छातीतल्या निचऱ्याविषयी लिहितो.

फुप्फुसाभोवती दोन पातळ पापुद्रे असतात. त्यांच्यामध्ये चमचाभर ओलावा असतो. न्यूमोनिया झाला की कधीकधी तिथे पाणी उतरते. सुरुवातीला ते पातळ असते आणि बहुधा औषधाने जिरते. दुखणे अंगावर काढले तर त्याचा पू होतो आणि आत जाळी धरून कप्पे पडतात.

पाणी तुंबलेल्या काळ्या रानात युरिया कितीही टाकला तरी पीक सुधारत नाही. आधी चर काढावा लागतो. तसेच इथे आहे. साचलेल्या पुवात रक्त खेळत नाही, त्यामुळे नुसत्या इंजेक्शनांनी भागत नाही. डॉक्टर जागा बधिर करून बरगड्यांमधून नळी घालतात. तिला भिऊ नका.

पण वाफ्यावाफ्यांत पाणी अडले असेल तर एक बांध फोडून सगळे रान मोकळे होत नाही. छातीतले असे कप्पे सोनोग्राफीत दिसतात. मग नळीतून औषध सोडतात. ब्रिटनमधील डॉक्टरांनी २०११ साली दाखवले, की जाळी तोडणारे एक आणि पू पातळ करणारे दुसरे, अशी दोन औषधे मिळून दिली तर निचरा सुधारतो व शस्त्रक्रिया कमी लागतात. एकेकटे देऊन तसा गुण आला नाही. एवढ्यानेही न भागल्यास दुर्बिणीने किंवा छाती उघडून आतले साफ करतात.

नळीची बाटली पाण्याची का, तेही समजून घ्या. १९१८ साली अमेरिकेच्या लष्करी छावण्यांत अशा रोग्यांची छाती घाईने उघडली जाई. हवा आत शिरून फुप्फुस मिटे आणि पुष्कळ जवान दगावत. तेव्हापासून बंद निचऱ्याचे महत्त्व पटले. बाटलीतले पाणी हवेला आत येऊ देत नाही.

म्हणून रोग्याजवळ बसणाऱ्याने एवढे सांभाळावे :

१. बाटली नेहमी छातीच्या खाली ठेवावी, उचलून खाटेवर ठेवू नये.

२. नळीचे टोक पाण्यात बुडालेले असावे. नळी मुडपू नये.

३. सांगितलेला श्वासाचा व्यायाम करून घ्यावा. दूध, डाळ, अंडी द्यावीत.

४. क्षयाची तपासणी झाली का, हे विचारावे. क्षयानेही छातीत पाणी होते. त्याची तपासणी व औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. मधुमेह असल्यास तोही सांगावा.

ताप उतरला म्हणून घरी निघू नका. औषध काही आठवडे चालते. अर्ध्यावर सोडले तर पू पुन्हा साचू शकतो. खर्चाची चिंता असेल तर रेशनकार्ड घेऊन महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला आधी भेटा.

आणि बाळांना न्यूमोकोकल लस चुकवू नका. २०२१ पासून ती देशभर सरकारी लसीकरणात मोफत मिळते.

न्यूमोनियाच्या औषधाला दोन-तीन दिवस होऊनही ताप हटत नसेल, बरगडीत चमक मारत असेल, धाप लागत असेल, तर गावात थांबू नका. छातीचा फोटो काढा. रानातले पाणी वेळेत काढले तर पीक हाती लागते. इथे तर घरचे माणूस आहे.