बॉनेटची पाठचिकित्सा

"साहेब, ओरिजिनल पाहिजे म्हणजे कुठलं? वरचं, मधलं की तळाचं?" घाटकोपरच्या एका गॅरेजमध्ये रंगाऱ्याने हा प्रश्न विचारला, तेव्हा आम्हां दोघांपैकी कोणाकडेच त्याचे उत्तर नव्हते. एम. ए.च्या वर्गात दरवर्षी पाठचिकित्सेवर तासचे तास बोलणाऱ्यांची ही अवस्था जरा लाजिरवाणीच म्हटली पाहिजे.

प्रसंग असा. आमच्यापैकी एकाच्या वडिलांची १९६८ सालची फियाट ११०० कित्येक वर्षे मुलुंडच्या सोसायटीत ताडपत्रीखाली उभी होती. वडील गेले. परदेशी असलेल्या धाकट्या भावाने कळवले की खर्च माझा, पण गाडी कारखान्यातून निघाली तशी दिसली पाहिजे. जुन्या स्पोर्ट्स कारच्या बॉनेटला मूळ झळाळी आणण्याचे जे सोहळे तिकडे चालतात, ते त्याने पाहिलेले. आमच्याकडे स्पोर्ट्स कार कुठली असायला? नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी आणि मग दारात फियाट यावी, हीच त्या काळची चैन. (तिच्या आधीच्या, पन्नाशीच्या दशकातल्या फियाटला मुंबईकरांनी 'डुक्कर फियाट' हे नाव ठेवले होते; त्यातले प्रेम परक्याला कळणे कठीण.)

रंगाऱ्याने बॉनेटच्या कोपऱ्यावर पाणी मारून वॉटर पेपर फिरवला. रुपयाएवढ्या जागेत एकात एक कडी उमटत गेली. वर पांढरा, त्याखाली गडद हिरवा, मग पुट्टीची पिवळट रेघ, पुन्हा एक मळकट पांढरा आणि तळाशी, प्रायमरला चिकटून, फिकट निळा. हिरवा रंग आम्हांला ठाऊक होता. पुट्टी कशाची, हेही ठाऊक होते. २६ जुलै २००५ च्या पुरात लालबहादूर शास्त्री मार्गावर ही गाडी रात्रभर पाण्यात होती. त्यानंतर बॉनेटवर फुगे आले, ते वडिलांनी स्वतः खरवडून पुट्टी भरली, ती सपाट मात्र झाली नाही. हात फिरवला की तो उंचवटा आजही लागतो. निळा रंग मात्र आमच्यापैकी कोणीही कधी पाहिलेला नव्हता.

'कारखान्यातून निघाली तशी' या शब्दांचा अर्थ लावायला बसावे तर तो हातातून निसटत जातो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी. पण तिचा आराखडा तुरीनच्या फियाटचा, परवान्याने आणलेला. म्हणजे मूळ मुळातच भाषांतर! हीच गाडी सत्तरच्या दशकात 'पद्मिनी' झाली, काळी-पिवळी होऊन शहरभर धावली, आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेली. कारखान्याच्या जागी आता इमारती आहेत; प्रीमियर रोड हे नाव तेवढे उरले आहे.

रंगाचीही तीच कथा. 'ड्यूको' हा शब्द आपल्याकडे गॅरेजच्या पाट्यांवर सर्रास दिसतो. तो मूळचा ड्यूपाँट कंपनीने १९२३ साली आणलेल्या नायट्रोसेल्युलोज रंगाचा. त्या पिढीच्या रंगांवर पारदर्शक लेप नसे. रंग उन्हाने खडूसारखा भुरभुरू लागला की रबिंग करून चकाकी परत आणायची, आणि दर रबिंगला थर थोडा झिजायचा. आजचे रंगकाम वरून पारदर्शक लेप देऊन होते. त्याची आरशासारखी झळाळी कुर्ल्याहून निघालेल्या गाडीला कधीच नव्हती. भावाने पाठवलेल्या छायाचित्रांतली 'मूळ झळाळी' ही अशी बऱ्याच अंशी आजचीच आहे.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ते १९६६ असे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम चालले. व्यासांची मूळ संहिता हाती लागल्याचा दावा सुखठणकरांनी कधी केला नाही. उपलब्ध पोथ्यांवरून ज्या सर्वांत जुन्या रूपापर्यंत जाता येईल, तेवढेच त्यांनी कबूल केले; आणि नाकारलेले पाठ तळटीपांत जपून ठेवले. ज्ञानेश्वरीच्या नशिबी हे आले नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये तिचे शुद्धीकरण केले, पण ज्या पोथ्या पाहून केले त्या आपल्याजवळ नाहीत. राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून १९०९ साली जी प्रत छापली, तिची पोथीही पुढच्या अभ्यासकांना पाहायला उरली नाही. दोघांच्या निष्ठेविषयी शंका नाही. तरी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवण्यापलीकडे आपल्या हाती काही नाही, ही अडचण उरतेच.

बॉनेट पत्र्यापर्यंत घासण्याला आमचा आक्षेप आहे तो याच जागी. पत्र्याला तळटीप नसते. घासलेला पाठ गटारात जातो. फियाटच्याच गावाचे नाव लावणारी जुन्या वाहनांविषयीची तुरीन सनद २०१३ पासून अस्तित्वात आहे. शक्य तेथे जतन करा, बदल केलाच तर नोंद ठेवा, असे ती सांगते. आमच्या मते 'ओरिजिनल' हा शब्द वापरण्याचा अधिकार ज्याने नोंद ठेवली त्यालाच आहे.

हे सर्व आम्ही भावाला फोनवर ऐकवले. त्याचे उत्तर चोख होते. "बाबांनी स्वतः तीनदा रंग बदलला. त्यांना जुनेपणाचं कौतुक कधी होतं? ते तुम्हां मराठीवाल्यांना." शिवाय पुट्टीखाली गंज आहे, आणि उपनगरातला पावसाळा कोणत्याही सिद्धांतासाठी थांबत नाही, हे रंगाऱ्यानेही सांगितले. तेही खरे. पोथीला वाळवी लागली तर वाळवीसुद्धा जपा, असे कोणी म्हणत नाही.

शेवटी बॉनेट घासले गेले. मात्र त्याआधी त्या कड्यांची छायाचित्रे घेतली, रंगांची नावे व अंदाजे साले एका वहीत उतरवली, आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला हात लावायचा नाही, अशी अट घातली. आजवरच्या एकाही रंगाऱ्याने आत रंग देण्याची तसदी घेतली नव्हती. त्यामुळे तेथे, तेलकट काजळीखाली, तो फिकट निळा अखंड आहे. वरचा नवा निळा त्याच्याशी जुळवून मारला, तरी दोन्ही शेजारी ठेवले की फरक दिसतो. उंचवटा गेला.

भाऊ दिवाळीत येतो आहे. वरची बाजू त्याला आवडेल. बॉनेट उघडून दाखवायचे की नाही, यावर आम्हां दोघांत अजून एकमत झालेले नाही.