तुतारी दिसते कशी?

थंडी पडली की आपल्या जुन्नर-आंबेगावच्या शाळांतून दोनच प्रश्न ऐकू येतात. सहल शिवनेरीला की कोकणात? आणि एस.टी.त खिडकीची जागा कुणाची? आज मी तुम्हाला कोकणात नेणार आहे, पण खिडकीवरून भांडण नको हं!

गणपतीपुळ्याजवळ मालगुंड नावाचं गाव आहे. कवी केशवसुत, म्हणजे कृष्णाजी केशव दामले, १८६६ साली इथे जन्मले. त्यांचं घर जपून ठेवलेलं आहे. कोकण मराठी साहित्य परिषदेने १९९४ मध्ये तिथे त्यांचं स्मारक उभारलं. केशवसुत माझ्यासारखेच शिक्षक होते, बरं का! १९०५ मध्ये हुबळीला प्लेगने गेले, तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. हयातीत त्यांचा एकही संग्रह निघाला नाही. तो पुढे हरि नारायण आपट्यांनी काढला.

आता समजा, तुमच्या वर्गातल्या एका मुलाला ऐकू येत नाही. तोही सहलीला आलाय. घर दाखवणारे काका बोलू लागले. त्याने काय करायचं?

“शेजारच्याने लिहून दाखवावं,” तुम्ही म्हणाल. दाखवा बघू! काकांची पाच वाक्यं होतात, तेवढ्यात तुमचं एक होतं. “मग ओठांवरून ओळखावं.” आरशासमोर उभे राहा आणि आवाज न काढता ‘पाय’ आणि ‘माय’ म्हणा. दिसला काही फरक?

म्हणून लागतो दुभाषा. काकांचं बोलणं तो खुणांच्या भाषेत सांगतो. ही भाषा म्हणजे हातांनी केलेली मराठी नव्हे. तिचं व्याकरण वेगळं आहे. ‘काय’, ‘कुठे’ हे शब्द बहुधा वाक्याच्या शेवटी येतात, आणि भुवया, डोळे, खांदे हेसुद्धा बोलतात. दिल्लीला २०१५ मध्ये या भाषेसाठी सरकारी केंद्र निघालं. त्यांच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत दहा हजार शब्द झाले होते.

इंग्लंड-अमेरिकेत काही लेखकांची जुनी घरं अशी दुभाषासह दाखवतात. त्यात बारकावे पुष्कळ असतात. दुभाषाने खिडकीकडे पाठ करून उभं राहायचं नाही, नाहीतर चेहरा काळोखात जातो. कोकणातली जुनी माजघरं तर भर दुपारी अंधारी! तिथे हात दिसणार कसे? तेव्हा जे सांगायचं ते ओटीवर, उजेडात सांगावं आणि मग आत न्यावं. दुसरी गोष्ट आणखी महत्त्वाची. आपण कान काकांकडे आणि डोळे वस्तूकडे ठेवू शकतो. या मुलाला दोन्ही कामं डोळ्यांनीच करायची असतात. “हा बघा पाटा” म्हणत काका पुढे निघाले, तर तो पाटा तरी बघेल नाहीतर दुभाषा तरी. म्हणून आधी सांगायचं, मग थांबायचं आणि मग बघू द्यायचं.

आमच्या शाळेतला एक मुलगा असाच आहे. शिवनेरीच्या सहलीत त्याची सहावीतली ताई त्याला सगळं खुणांनी सांगत होती. शिवाई देवीचं देऊळ, गंगा-जमुना टाकी, शिवजन्माची इमारत, सगळं सगळं. उतरताना मी तिला विचारलं, “कडेलोट कसा वाटला?” ती म्हणाली, “मी कुठे बघितला? मी याच्याकडे बघत होते.” शिवाय तिला कंटाळवाणं वाटलं ते तिने सरळ गाळलेलं! भाऊ मात्र वाटेत तिला ढोसून ढोसून विचारत होता, की मघाशी सगळे हसले ते कशाला? शिकलेला दुभाषा असता तर दोघांनाही गड बघता आला असता.

बरं, केशवसुतांची ‘तुतारी’ ही १८९३ ची कविता. जाचक जुन्या रूढी मोडायला ती माणसांना हाक घालते. “ज्याला ऐकूच येत नाही त्याला तुतारी काय कळणार?” असं मला एकाने विचारलं. मला हा प्रश्नच पटला नाही. यात्रेत या मुलाने तुतारीवाला पाहिलेला असतो. गाल फुगलेले, मानेच्या शिरा ताणलेल्या, तोंड आभाळाकडे आणि सगळी गर्दी वळून बघतेय. ढोल तर छातीतच वाजतो. आणि हाक? ऐकू न येणारी माणसंही एकमेकांना हाक मारतातच की! हात हलवून, खांद्यावर थोपटून, जमिनीवर पाय आपटून, कधी दिवा चालू-बंद करून. चांगला दुभाषा यातूनच कविता उभी करील.

या रविवारी एक खेळ करून बघा. कानांत कापूस घाला, आणि मित्राला तुमचं घर तोंड न उघडता दाखवायला सांगा, म्हणजे तुम्ही पाहुणे. चुलीपासून देवघरापर्यंत. मग अदलाबदल करा. कोणती वस्तू सांगताना सर्वांत जास्त अडलं, ते मला पत्रातून कळवा. आणि हो, माजघरात शिरण्याआधी दिवा लावा!