नोट तरली, ठेव बुडाली

जुन्या चलनाचा संग्रह करणाऱ्या अमेरिकनांमध्ये लहान गावांच्या बँकांनी काढलेल्या नोटांना आगळा मान आहे. १८६३ ते १९३५ या काळात तेथील बारा हजारांहून अधिक ‘नॅशनल बँकां’नी आपापल्या नावाने नोटा काढल्या. नक्षी सरकारी साच्याची. पण दर्शनी बाजूस बँकेचे व गावाचे नाव, सनदेचा क्रमांक आणि अध्यक्ष व रोखपाल यांच्या सह्या. ज्या बँकेच्या नोटा कमी उरल्या, तिच्या नोटेचे मोल अधिक. वीस डॉलरचा कागद हजारो डॉलरना विकला जातो, तो एवढ्याचसाठी.

या छंदाभोवती एक गोड समजूत वाढली आहे. गावचा सावकार सही करी आणि त्या सहीवर गाव विसंबे, असे तो काळ आठवताना म्हटले जाते. इतिहासाची साक्ष वेगळी आहे. यादवी युद्धापूर्वी राज्यांच्या सनदेवर चालणाऱ्या बँका मन मानेल तशा नोटा छापीत. खरी कोणती, खोटी कोणती, कोणती बँक बुडाली, हे कळण्यासाठी दुकानदारांना छापील पुस्तिका चाळाव्या लागत. दूरच्या बँकेची नोट बट्टा कापूनच घेतली जाई. युद्धासाठी पैसा हवा असलेल्या लिंकन सरकारने १८६३ मध्ये कायदा केला. बँकेने केंद्राचे रोखे घेऊन सरकारी खजिन्यात ठेवावेत आणि त्यांच्या ९० टक्क्यांपर्यंत नोटा काढाव्यात; १९०० मध्ये ही मर्यादा रोख्यांच्या पूर्ण दर्शनी किमतीपर्यंत वाढली. राज्य-बँकांच्या नोटांवर १८६५ च्या कायद्याने १० टक्के कर बसवून त्यांचा मार्गच बंद केला. तेव्हा सही गावची असली, तरी हमी वॉशिंग्टनची होती.

तिची कसोटी १९२९ नंतरच्या मंदीत लागली. हजारो बँकांना टाळी लागली. नोट ज्याच्या हाती होती त्याचा एक सेंटही बुडाला नाही; मात्र त्याच बँकेत आयुष्याची पुंजी ठेवणारा शेतकरी अवसायकाच्या दारी ताटकळत राहिला. ठेवींना विम्याचे संरक्षण देणारा कायदा १९३३ मध्ये झाला, तोवर अनेकांचे संसार उघड्यावर आले होते. मुंबईच्या वाचकाला यात परके काही नाही. बँक ऑफ बॉम्बेचा नोटा काढण्याचा अधिकार १८६१ च्या कायद्याने गेला, आणि नोटेमागे सरकार उभे राहिले. ठेवीदाराच्या मागे कोणी उभे राहण्यास मात्र १९६२ साल उजाडावे लागले.

म्हणून या नोटा जपताना त्यांचा खरा अर्थही जपला पाहिजे. भाव वाढावा यासाठी नोट धुऊन, दाबून नवी करणारे विक्रेते आहेत. अशा धुण्यात शाईच्या सह्या पुसट होतात आणि हातोहाती फिरल्याच्या घड्या नाहीशा होतात; म्हणजे इतिहास जातो आणि वस्तू उरते. उरलेल्या नोटांच्या ज्या नोंदी संग्राहकांनी चिकाटीने केल्या, त्या लिलावाच्या सूचिपत्रांपुरत्या न राहता त्या त्या गावच्या ग्रंथालयात पोचाव्यात. आपल्या आजोबांची नोट का तरली आणि ठेव का बुडाली, हे त्या गावाला कळले पाहिजे. सही कोणाची, यापेक्षा सहीमागे काय ठेवले आहे, हा प्रश्न विचारण्याची सवय कोणत्याही संग्रहाहून मोलाची आहे.